पावसातलं ओलित

आज दहाच्या सुमाराला आमच्या मागल्या अंगणात एक छत्री येणार आहे. जांभळी, मिटलेली, लांब दांड्याची. तिच्यामागून वीसेक माणसं येतील, बहुतेक बायका, मोठ्या टोप्या घातलेल्या, आणि आल्या आल्या म्हणतील, "ओह, लव्हली." काय लव्हली ते अजून बघायचं असेल, पण आधी म्हणून टाकायचं, ही त्यांची पद्धत. मग ती छत्री वर होईल, सगळे गप्प होतील आणि माझा नवरा गमबूट घालून संत्र्याच्या चार रोपट्यांवर व्याख्यान देईल.

सकाळपासून मी स्वयंपाकघरात कोथिंबीर वडीचे उंडे वाफवते आहे. छत्रीच्या मालकीणबाईंनी, म्हणजे फिलिपाबाईंनी, फोनवर सांगितलं होतं, "समथिंग मेडिटरेनियन, इफ यू कॅन." मी म्हटलं, हो, करते की. वडीवर तीळ भुरभुरले आणि शेजारी लिंबाच्या फोडी मांडल्या की ती कुठल्याही समुद्रकाठची म्हणून खपते. या लोकांना मी चांगली ओळखते. सिसिलीत भाताच्या तळलेल्या गोळ्यापुढं त्यांनी भक्तिभावानं डोळे मिटलेले मी पाहिलेत.

खिडकी उघडी आहे. ऑक्टोबर, म्हणजे इथला वसंत. सकाळी ऊन, दुपारी गारा आणि संध्याकाळी दक्षिणेचा असा वारा की दोरीवरचे टॉवेल शेजारच्या कुंपणावर जाऊन बसावेत. त्या खिडकीतून संत्र्याच्या फुलांचा वास येतोय. गोड, जरासा कडवट, नाकात शिरून बसणारा. हा वास आला की तो मला उचलून त्या बेटावर नेतो. मला तिथं जायचं नसतं. मला जायचं असतं त्याच्या आधीच्या दिवसांत, जेव्हा या घरात कुठल्याच फुलाचा वास नव्हता.

तेव्हा या घराला वास होता ओल्या लोकरीचा. गॅसच्या हीटरचा. कपाटामागच्या भिंतीवर हट्टानं परत परत येणाऱ्या बुरशीचा आणि तिच्यावर मारलेल्या ब्लीचचा. न्यूझीलंडमधली, लोअर हटमधली आमची ती सुरुवातीची वर्षं. गजानन इथल्या इस्पितळात भूल देणारा डॉक्टर, मी तिथंच खालच्या मजल्यावर फार्मसीत. मुलगी, ऋचा, शाळेत. संध्याकाळी हीटर पेटताना "फप्" असा आवाज व्हायचा, पत्र्याच्या छपरावर पाऊस तडतडत असायचा, आणि कुकरच्या शिट्टीनं काचा धुरकटून जायच्या. घर, मूल, नोकरी, सगळं चारचौघांसारखंच होतं. खास आमचं असं एकच होतं. आम्ही दोघं मिळून नावं ठेवायचो.

नावं ठेवणं ही काही लोकांना वाईट सवय वाटते. त्यांना ती नीट जमत नाही म्हणून तसं वाटतं. आमच्याकडे तो रियाज होता. मंडळाचे कार्यक्रम व्हायचे, कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये, ओल्या कोटांच्या आणि गार झालेल्या साबुदाणा वड्यांच्या वासात. कुणीतरी कराओकेवर गायचं. कुणीतरी आपल्या युरोप सहलीचे फोटो पडद्यावर दाखवायचं, प्रत्येक फोटोत तोच बूट आणि तीच बायको. सगळे टाळ्या वाजवायचे. आणि टेबलाखालून गजाननचा पाय यायचा. बूट हळूच काढून, मोज्यातल्या अंगठ्यानं तो माझ्या अंगठ्यावर दाबायचा. जरासं दाबलं की, लक्ष दे. जोरात दाबलं की, हसू नकोस, मेलो आपण. वर चेहरा मात्र जसाच्या तसा. भूल देणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तो, पेशंटला काही कळू न देणारा. मी मात्र तोंडात पदर कोंबून बसायची, आणि पदर नसला की स्कार्फ.

खरी मजा परतीच्या वाटेवर. वेलिंग्टनहून हटकडे येताना रस्ता बंदराच्या कडेकडेनं येतो. एका हाताला रेल्वेचे रूळ, त्यापलीकडे काळं पाणी, पुढं पेटोनीचे दिवे. वायपर फिरतायत आणि गजानन एकेकाची नक्कल करतोय. उन्हाळ्यात बार्बेक्यूहून परत येताना जळक्या सॉसेजचा वास कपड्यांना, पायात वाळूनं भरलेल्या जॅन्डल्स नावाच्या इथल्या रबरी चपला, आणि "काय ना, इथली हवाच वेगळी" असं दहा वेळा म्हणणाऱ्या यजमानाची नक्कल. हिवाळ्यात एवढ्या कापऱ्या आवाजात कविता वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई. मागच्या सीटवर ऋचा झोपलेली. गाडी गॅरेजमध्ये लागली, इंजिन बंद झालं, तरी आम्ही उतरायचो नाही. इंजिन गार होताना टिक टिक करायचं आणि आम्ही डोळे पुसत बसलेलो असायचो. संसारातला सगळ्यात चांगला काळ कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी बंदराकाठचा तो रस्ता दाखवीन. कुणी विचारत नाही.

त्या सहलीला आम्ही का गेलो ते आता आठवत नाही. बहुधा नावं ठेवायलाच. "भूमध्य समुद्रातली बेटं, वसंतात: बागा, कला आणि भोजन" असं जाहिरातीत लिहिलं होतं. भोजनाला बागेच्या रांगेत बसवलं तेव्हाच मला हसू आलं होतं. इथं एप्रिल, पानं गळायला लागलेली, आणि आम्ही दुसऱ्यांच्या वसंतात निघालो.

फिलिपाबाई निवृत्त कलाशिक्षिका. पांढरे कापलेले केस, गळ्यात भल्यामोठ्या मण्यांची माळ, आणि ती जांभळी छत्री. प्रत्येकाच्या गळ्यात त्यांनी एकेक छोटं यंत्र अडकवलं होतं आणि कानात बोंडूक. बाई माइकमध्ये हळू आवाजात बोलणार आणि पन्नास पावलांवरही त्या तुमच्या कानात कुजबुजणार. बाईंपासून सुटका म्हणून नव्हती. रोज सकाळी बसमध्ये चढलं की कानात "किया ओरा, माय लव्हलीज." माझ्या पुढच्या सीटवर अप्पर हटची बेव्ह नावाची विधवा, मनानं बरी, पण ताटात आलेल्या प्रत्येक पदार्थाचा फोटो काढल्याशिवाय तिला तो पोटात जाऊ देववायचा नाही. गजाननचं "गॅरी" पहिल्याच दिवशी झालं. त्यानं ते होऊ दिलं, आणि टेबलाखालून माझा अंगठा दाबला.

पहिले चार-पाच दिवस काय सुखाचे गेले म्हणून सांगू. पालेर्मोच्या एका चर्चमध्ये सगळ्या भिंती सोन्याच्या तुकड्यांनी मढवलेल्या. फिलिपाबाईंनी छत्री वर केली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आता बोलू नका. ड्रिंक इट इन. नुसतं पिऊन घ्या." वीस न्यूझीलंडर माना वर करून, तोंडं उघडी टाकून सोनं पीत उभे राहिले. गजानन माझ्या शेजारी. ओठही न हलवता म्हणाला, "उपाशीपोटी पिऊ नका म्हणावं." भूल देण्याआधी पेशंटला सूचना देतो, त्याच आवाजात. मी खांबामागे गेले. बाईंना वाटलं मला भरून आलं. त्यांनी येऊन माझा खांदा थोपटला.

शीर नसलेल्या संगमरवरी बाईपुढं तो म्हणाला, "हिची भूल उतरलीच नाही." जेवायला वांग्याची आंबटगोड भाजी आली, थंडगार. तिच्यावर पाऊण तास व्याख्यान झालं: वांगी कुणी आणली, साखर कुणी आणली, कुठल्या राजाच्या काळात. आमच्याकडे ही भाजी लग्नाच्या पंगतीत वाढतात आणि वाढपी पुढच्या पानावर गेलासुद्धा असतो. वाळलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं पिवळं पिठलं आलं. बेव्ह म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास. टेबलाखाली गजाननचा पाय तयारच होता. माझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं आणि मी अतिशय सुखात होते.

मग ती बाग आली.

डोंगराच्या पायथ्याशी कुणा उमरावाची जुनी मळेवजा बाग होती. बस थांबली, दार उघडलं आणि आत वास आला. संत्र्याच्या फुलांचा. एका झाडाचा नाही, हजार झाडांचा, उन्हात तापलेला. बायकांनी "ओह" सुरू केलं. गजानन उतरला आणि पायरीखालीच थांबला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. मी पाय पुढं करून उभी होते.

तो चालायला लागला, छत्री सोडून, झाडांच्या ओळीतून आत. जमीन काळी, तडकलेली आणि मधून मातीचा पाट, त्यातून पाणी चाललेलं. हौदातून सोडलेलं पाणी एकेका झाडाच्या आळ्यात शिरत होतं. पाटाची कड एका जागी ढासळली होती आणि पाणी भलतीकडे चाललं होतं. गजाननने बूट काढले. मोजे काढले. पँट वर केली, चिखलात उतरला आणि टाचेनं माती ओढून ते भगदाड बुजवलं. दोनदा दाबलं, पाणी वळलं. हे त्यानं इतक्या सहज केलं, जसं कुणी वाटेतलं दार लोटावं. माझ्या अंगठ्यावर रोज दाबला जाणारा पाय तोच होता, आणि मी तो पहिल्यांदाच बघत होते.

फिलिपाबाई छत्री घेऊन धावत आल्या. "गॅरी, तुला हे येतं?" आणि त्यांनी गळ्यातला माइक काढून त्याच्या गळ्यात घातला.

मी लांब होते, एका दगडी बाकापाशी. माझ्या कानात बोंडूक होतं. त्यातून माझा नवरा माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला. माझ्याशी म्हणजे सगळ्यांशी. वरुडकडे आमचा संत्र्याचा बगीचा होता, तो म्हणाला. हिवाळ्यात वडील पाणी तोडायचे. झाडांना तहान लावायची, पानं पार कोमेजेपर्यंत, जमीन तडकेपर्यंत. याला ताण देणं म्हणतात. मग एक दिवस पाणी सोडायचं, आणि फेब्रुवारीत सगळा बगीचा पांढरा. आई दारात उभी राहून श्वास घ्यायची आणि चुलीवरचं दूध उतू जायचं. मी लहान होतो. मला झाडांची दया यायची. एकदा मी गुपचूप एका झाडाला रोज तांब्याभर पाणी घालत होतो. सगळी झाडं फुलली, ते एकटं हिरवं राहिलं. वडिलांनी कानाखाली वाजवली आणि मग मलाच कडेवर घेऊन त्या झाडापाशी बसले. मी आठवीत असताना बगीचा गेला. शाळेतून आलो तर ओंडके पडले होते. त्यांनाही वास येत होता.

बायका डोळे पुसत होत्या. बेव्हनं फोटो काढला नाही.

आणि मी, जिच्याशी या माणसानं अग्नीभोवती फेरे घेतले, मुलगी वाढवली, तिला हे भाड्याच्या यंत्रातून ऐकायला मिळालं, परक्या भाषेत, परक्या बायकांच्या बरोबरीनं. मला माहीत होतं ते एवढंच: वरुडकडची शेती होती, आता नाही. पुण्याला मेडिकलला आला तेव्हा त्याच्या "काहून"ला आणि "बावा"ला मुलं हसायची. वर्षभरात त्यानं ते सगळं घासून काढलं आणि तोच इतरांना हसायला लागला. मी त्याला भेटले ते त्याच्यानंतर. मला तर त्याचं ते हसणंच आवडलं होतं. मला फार राग आला. त्या रागात बाई किती रडल्या आणि कुणाचा मस्कारा कुठं ओघळला, तेवढं मात्र मी नीट बघून ठेवलं, संध्याकाळी त्याला सांगायला.

संध्याकाळी जेवायला लांब टेबल होतं. फिलिपाबाई ग्लास उंचावून म्हणाल्या, "गॅरीनं आज आपल्याला मातीची भाषा शिकवली." मी टेबलाखालून पाय सरकवला आणि त्याचा अंगठा दाबला. जोरात.

त्यानं पाय काढून घेतला.

"आज नको," तो म्हणाला.

तो "आज" काही संपला नाही. पुढं जहाजानं सार्डिनियाला गेलो. तिथं गजाननला मेंढीचं चीज आवडलं, रस्ते आवडले, एक गाढव आवडलं. गाढवाशेजारी उभं राहून त्यानं बेव्हकडून फोटो काढून घेतला. फिलिपाबाई म्हणाल्या, ड्रिंक इट इन, तर हा पहिला प्यायला. मी एकटीनं नावं ठेवायचा प्रयत्न करून पाहिला. मनातल्या मनात नावं ठेवणं म्हणजे स्वतःलाच वाढून स्वतःच जेवणं, पोट भरतं आणि तोंड कडू होतं.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी त्यानं गार्डन सेंटरमधून संत्र्याची रोपं आणली. ती रुजवली, ठीक. कुणीही लावतं. पण हा माणूस कुदळ घेऊन मागल्या अंगणात पाट काढायला लागला. लोअर हटमध्ये. इथं अशी एक जागा नाही जी आपोआप भिजत नाही; मोजे भिजतात, पेपर भिजतो, कपाटातले बूट आतून भिजतात. तिथं झाडांना पाणी द्यायला पाट. एका टोकाला छपराचं पाणी साठवायची टाकी, तिला नळ, नळापासून मातीचा दांड, दांडापासून चार आळी. "याला आमच्याकडे ओलित म्हणतात," त्यानं मला समजावून सांगितलं, जशी मी आताच टूरच्या बसमधून उतरले होते.

याच्या पुढची पायरी म्हणजे ताण. इथला पाऊस ताण देऊ देईना. मग एका हिवाळ्यात गजाननने निळी ताडपत्री आणली आणि झाडांच्या बुडाशी चारी बाजूंनी अंथरून विटांनी दाबली. म्हणजे वरून पडणारं फुकटचं पाणी अडवायचं, ते टाकीत साठवायचं, झाडांना तहानेनं तळमळवायचं, आणि मग तेच पाणी पाटानं आणून त्यांना पाजायचं. शेजारचा कीथ कुंपणावरून बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "मेट," तो म्हणाला, "इट्स रेनिंग."

"आय नो," गजानन म्हणाला, आणि वीट नीट केली.

हे मी कुणाला सांगावं? ज्याला सांगायचं तोच ताडपत्री अंथरत होता. मी फ्लॅट बुशला ऋचाला फोन केला. ती आता तिकडे मोटरवेवरून तासतासभर गाडी हाणत ऑफिसला जाते. मी सगळं रंगवून सांगितलं, कीथच्या आवाजासकट. ती हसली नाही.

"मम, ही इज हॅपी. लेट हिम बी."

"अगं, पण पावसात ताडपत्री—"

"यू आर बीइंग मीन, मम. बाबा यूज्ड टू बी मीन टू. इट वॉज हीप्स एग्झॉस्टिंग." मागच्या सीटवर झोपलेली असायची म्हणे.

मंडळाचे कार्यक्रम चालूच होते. गाणं तसंच, फोटो तसेच, वडे तसेच गार. गजानन आता मनापासून टाळ्या वाजवायचा. मी पाय पुढं करायचं सोडून दिलं. बंदराच्या रस्त्यानं येताना मी एकदा म्हटलं, "वरचा सूर लावताना बाईंचा चेहरा पाहिलास?" तो म्हणाला, "असू दे गं. प्रयत्न केला ना तिनं." वायपर फिरत होते. "प्रयत्न केला ना" हे वाक्य ज्या गाडीत बोललं जातं त्या गाडीत पुढं बोलायला काही उरत नाही. घर आलं, इंजिन बंद झालं आणि आम्ही ताबडतोब उतरलो. मला तेव्हा रडू आलं, आणि मी ते ओट्यापाशी जाऊन भांड्यांच्या आवाजात उरकलं.

बायका नवरा दारू पितो म्हणून रडतात. माझा नवरा चांगला झाला होता. हे दुःख सांगायला कुठं जायचं?

आणि आज दारावर टकटक झाली. छत्री आली.

मी वड्या तळून ताट भरलं आणि जॅन्डल्समध्ये पाय सरकवून मागं गेले. बायका आळ्यांभोवती उभ्या होत्या. फिलिपाबाई आता इथल्याच घरोघरच्या बागांच्या सहली काढतात; जरा वाकल्यात, मण्यांची माळ तीच. बेव्ह आली होती, नवा कॅमेरा घेऊन. गजाननने गमबूट काढून ठेवले होते, मोजे त्यांच्यात कोंबलेले. पँट गुडघ्यापर्यंत. ताडपत्री आज बाजूला केलेली. चारातल्या तीन झाडांवर फुलं होती, पहिल्या पाण्याची वाट न बघताच आलेली, पांढरी, मोजून घ्यावीत एवढी. वास बरा होता. एवढंच म्हणते.

"या झाडांनी सगळा हिवाळा पाणी पाहिलेलं नाही," तो इंग्रजीत सांगत होता. "ती तहानलेली आहेत. आज आपण त्यांना पहिलं पाणी देणार."

असं म्हणून त्यानं टाकीचा नळ सोडला, आणि पाऊस आला.

बुरबुर नाही. हटचा पाऊस, आडवा, डोंगरावरून थेट. वीस छत्र्या फटाफट उघडल्या. कुणी घरात पळालं नाही. पैसे भरलेली माणसं सहसा पळत नाहीत. त्या जांभळ्या, लाल, फुलाफुलांच्या छत्र्यांच्या मधोमध माझा नवरा डोक्यापासून पायापर्यंत भिजत उभा, आणि त्याच्यासमोर मातीच्या पाटातून पाणी झाडांकडे निघालेलं. वरून पाणी, खालून पाणी. आळी आधीच भरून वाहत होती. तरी तो वाकला, टाचेनं माती ओढली, पाणी वळवलं, जिकडं ते आपण होऊन चाललं होतं तिकडंच.

"आणि आता झाडाला कळेल," तो म्हणाला, चष्म्यावरून पाणी ओघळतंय, "की तहान संपली."

"जस्ट लाइक सिसिली," बेव्ह म्हणाली, आणि तिच्या छत्रीतून तिच्याच कॅमेऱ्यावर धार लागली.

कुंपणापलीकडे कीथ रेनकोट घालून उभा होता. तोंड उघडं.

फिलिपाबाईंनी छत्री वर केली. म्हणजे उघडीच होती, आणखी वर केली. डोळे मिटले. "नका बोलू आता," त्या म्हणाल्या. "ड्रिंक इट इन."

सगळ्यांनी माना वर केल्या आणि सगळे धो धो पावसात तोंडं उघडून उभे राहिले.

मी ताट घेऊन गजाननच्या शेजारी होते, अगदी खेटून. मला ते जुनं हसू यायला लागलं होतं, खालून वर येणारं, बऱ्याच वर्षांत न आलेलं. मी त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. भूल देणाऱ्याचा चेहरा. पण तो आताचा चांगल्या माणसाचा होता की तेव्हाचा, ते कळायला मार्ग नव्हता. मला भीती वाटली. तसं सांगायला मला लाज नाही. त्या लांब टेबलाखालचं ते सरकून गेलेलं पाऊल मला अजून आठवतं.

तरी मी जॅन्डल सोडली. चिखलात पाय घातला, गार, आणि त्याच्या उघड्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला. दाबला.

त्यानं पाय काढून घेतला नाही.

पाणी आमच्या घोट्यांवरून चाललं होतं. त्यानं बोलायला तोंड उघडलं, "द ट्री," म्हणाला, आणि वाक्य तिथंच सोडलं. त्यानं चष्मा काढला आणि भिजलेल्या शर्टानं पुसायला लागला, जणू त्यानं काही पुसलं जाणार होतं. मग चिखलाच्या आतून त्याचा अंगठा माझ्यावर आला. जोरात. नख मोडेल इतका.

"उपाशीपोटी पाजून राह्यली वं ही बाई," तो म्हणाला, ओठ न हलवता.

 हसू फुटायच्या आत मी ताट बेव्हपुढं धरलं आणि म्हटलं, "घ्या, मेडिटरेनियन आहे."